मोच म्हणण्याआधी तळवा पाहा: खेळाडूच्या पावलाची दुखापत आणि मैदानावर परतण्याची रीत

नागपुरात आता बहुतेक वस्त्यांजवळ रात्री दिवे लावून खेळायचे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची मैदाने, झाले आहेत, आणि फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणारी बरीच मुले तिथूनच लंगडत आलेली असतात. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "विशेष काही नाही, जरा मोच आली." दुखणे घोट्याचे असेल तर ते अनेकदा खरेही निघते. मात्र दुखणे घोट्याच्या खाली असेल, म्हणजे पावलाच्या मधोमध, अंगठ्याच्या मुळाशी किंवा करंगळीकडच्या कडेला असेल, तर हा शब्दच घात करतो, कारण एकदा मोच म्हटले की चार दिवस आराम आणि मालिश यापलीकडे कोणी विचार करत नाही.

या तीन जागांच्या दुखापती व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये वारंवार दिसतात. त्या खेळात १३५ किलोंहून जड खेळाडू एकमेकांवर आदळतात आणि चेंडूभोवती माणसांचा ढीग होतो. त्या ढिगात एखाद्याचा चवडा जमिनीत रुतलेला असतो, टाच वर उचललेली असते आणि नेमक्या त्या क्षणी मागून कोणीतरी त्या टाचेवर कोसळतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडताना किंवा कामठीच्या मैदानावर फुटबॉलच्या झटापटीतही हेच घडू शकते. फरक फक्त वजनाचा असतो. पावलातली २६ हाडे आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सगळ्यांचे सारखेच आहेत, म्हणून एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, खेळाडूंची उदाहरणे इथे उपयोगी पडतात.

पहिल्या तासात काय करावे

खेळ लगेच थांबवावा. बूट आणि मोजा हळूहळू काढावा, मोबाईलचा टॉर्च लावावा आणि पाऊल उलटे करून तळवा नीट पाहावा. वरची सूज सगळेच पाहतात. तळवा फारसे कोणी पाहत नाही. तळव्याच्या मधल्या कमानीवर जांभळट डाग दिसला, मग तो रुपयाच्या नाण्याएवढा का असेना, तरी पावलाच्या मध्यभागातला महत्त्वाचा अस्थिबंध फाटल्याची शक्यता धरून चालावे. हा डाग कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतो, म्हणून सकाळी पुन्हा पाहावे.

त्यानंतर हाताच्या अंगठ्याने हलके दाबून तीन जागा तपासाव्यात. पहिली जागा पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारच्या बोटाची लांब हाडे जिथे सुरू होतात तिथे आहे. दुसरी जागा अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने आहे. तिसरी करंगळीकडच्या बाहेरच्या कडेवर, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर आहे. तिथे हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तो उंचवटा दाबून दुखत असेल किंवा खेळाडूला चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा, असा नियम १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी मांडला आणि तो आजही वापरला जातो.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नये. "चालता येते, म्हणजे हाड मोडलेले नाही" हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पावलाचे पाचवे मेटाटार्सल, म्हणजे करंगळीच्या मागचे लांब हाड, मोडलेले असताना तो सामना शेवटपर्यंत खेळला होता. वेदना सहन होणे आणि हाड शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मालिश करू नये, झटका देऊन हाड बसवून घेऊ नये, गरम शेक देऊ नये. हळद-चुन्याचा लेप लावून पट्टी आवळण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. त्या लेपाने अस्थिबंध जुळत नाही आणि खालची त्वचा भाजली तर शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. कबड्डी खेळणारा एक मुलगा पावलाच्या मध्यभागाची अशी दुखापत घेऊन तीन आठवडे मालिश करून घेत होता. तो आला तेव्हा हाडांमधली फट उघड्या डोळ्यांनी जाणवावी इतकी पावलाची ठेवण बदलली होती, आणि त्याचा संपूर्ण हंगाम वाया गेला. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटे लावावा, बोटांकडून वर अशी सैलसर क्रेप बँडेज बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि त्या पावलावर अजिबात भार देऊ नये. वेदना तासागणिक वाढत असेल, बोटे बधिर किंवा पांढरी पडत असतील आणि बोटे नुसती हलवली तरी जीव कळवळत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. आतला दाब वाढून स्नायू मरण्याची ती खूण असू शकते.

रुग्णालयात काय मागावे

नागपुरातील मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स किंवा जवळचे खासगी रुग्णालय, कुठेही गेलात तरी अस्थिरोगतज्ज्ञांना एक प्रश्न अवश्य विचारावा: उभे राहून, पावलावर भार देऊन काढलेला एक्स-रे लागेल का, आणि तुलनेसाठी दुसऱ्या पावलाचाही काढावा का? झोपून काढलेल्या चित्रात हाडे जागेवर दिसतात. शरीराचा भार आला की ती एकमेकांपासून सरकतात. पावलाच्या मध्यभागाच्या दुखापती पहिल्या तपासणीत निसटण्याचे प्रमाण वैद्यकीय लेखनात पाचांत एक इतके सांगितले जाते, आणि त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. पहिल्या दिवशी वेदनेमुळे उभे राहवत नसेल, तर आठ-दहा दिवसांनी तो एक्स-रे पुन्हा काढावा किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने सीटी स्कॅन अथवा एमआरआय करावा.

तीन दुखापती

पावलाच्या मध्यभागाच्या दुखापतीला लिसफ्रँक म्हणतात. जाक लिसफ्रँक हे नेपोलियनच्या काळातील फ्रेंच शल्यविशारद. या सांध्यातून पाऊल कापण्याची त्यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध होती, त्यावरून सांध्याला त्यांचे नाव मिळाले. दुसऱ्या बोटाचे लांब हाड शेजारच्या हाडांमध्ये पाचरीसारखे बसलेले असते आणि एक दणकट अस्थिबंध त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी बांधून ठेवतो. तो तुटला की कमानीची कडीच निखळते. फट दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त असेल, तर सहसा स्क्रू किंवा प्लेट बसवावी लागते. त्यानंतर साधारण सहा ते आठ आठवडे पावलावर भार द्यायचा नसतो आणि पुन्हा खेळायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा ट्रॅव्हिस एटिएन याला ऑगस्ट २०२१ मध्ये ही दुखापत झाली आणि त्याचा पहिला संपूर्ण हंगाम गेला. पुढच्या, म्हणजे २०२२ च्या हंगामात त्याने चेंडू घेऊन धावत १,१२५ यार्ड काढले. एक वर्ष संपूर्ण दिले म्हणून पुढचे वर्ष मिळाले, असे मी मुलांच्या पालकांना आवर्जून सांगतो.

दुसरी दुखापत अंगठ्याच्या मुळाशी होते. अंगठा प्रमाणाबाहेर वर वाकतो आणि खालची जाड पट्टी ताणली किंवा फाटली जाते. कृत्रिम गवत पसरू लागले तसे डॉक्टरांना हे दुखणे जास्त दिसू लागले, म्हणून १९७६ मध्ये त्याला टर्फ टो हे नाव पडले. नाव किरकोळ वाटते, दुखणे किरकोळ नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा जॅक लॅम्बर्ट १९८४ मध्ये याच दुखापतीने जायबंदी झाला आणि त्या हंगामानंतर त्याने निवृत्ती घेतली. कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स जानेवारी २०२१ मध्ये याच दुखापतीने जखमी झाला, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, खेळला आणि फेब्रुवारीत त्याची शस्त्रक्रिया झाली. यातून "दुखत असतानाही खेळता येते" असा धडा मुले घेतात, तो मला मान्य नाही. त्याच्यामागे डॉक्टरांचा ताफा होता आणि पुढचा हंगाम सुरू व्हायला सहा महिन्यांहून अधिक अवकाश होता. आपल्या मुलाच्या पुढे बहुधा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा दुसराच दिवस असतो. नुसता ताण असेल तर अंगठा शेजारच्या बोटाशी टेपने बांधून आणि बुटात कडक तळपट्टी घालून काही दिवसांत खेळता येते. अर्धवट फाटले असेल तर दोन ते सहा आठवडे, आणि पूर्ण फाटले असेल तर काही महिने धरावेत.

तिसरी दुखापत म्हणजे करंगळीच्या मागच्या हाडाचे फ्रॅक्चर. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदांना नाचताना स्वतःलाच ते झाले आणि १९०२ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हाडाच्या या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते सावकाश जुळते आणि घाई केली तर जुळतच नाही. म्हणूनच खेळाडूंमध्ये प्लास्टरपेक्षा स्क्रू बसवण्याकडे कल असतो. हेन्रीवर नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली आणि २२ जानेवारी २०२२ रोजी तो परतला, म्हणजे साडेअकरा आठवड्यांनी. उलट अटलांटा फाल्कन्सच्या ज्युलिओ जोन्सच्या उजव्या पावलात २०११ मध्ये स्क्रू बसवला होता, तरी २०१३ मध्ये तेच पाऊल पुन्हा मोडले. स्क्रू म्हणजे हमी नव्हे.

इथे नागपूरकरांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खर्रा बंद करावा. त्यातल्या तंबाखूमधले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या हाडाचे जुळणे आणखी रखडते. शस्त्रक्रियेनंतर पलंगावर पडून वेळ जात नाही म्हणून खर्रा वाढवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या तिसऱ्या महिन्यातल्या एक्स-रेमध्ये फट तशीच दिसताना पाहिली आहे. ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन असलेल्या शहरात ते कमी कसे असेल असे वाटते, पण त्याच उन्हापासून आपण दिवसभर अंग झाकून, घरात बसून राहतो.

परत येताना

भार देण्याची परवानगी एक्स-रे पाहून डॉक्टर देतील. तोपर्यंत मांडी, कंबर आणि पोटाचे व्यायाम थांबवू नयेत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर कुबडी सरकते, म्हणून तिची खालची रबरी टोपी झिजली असेल तर लगेच बदलावी. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे.

भार देता येऊ लागला की जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी जवळ ओढणे, बोटे न आकडता कमान उचलणे आणि एका पायावर तोल सांभाळणे यांपासून सुरुवात करावी. त्यानंतरची माझी आवडती परीक्षा अगदी साधी आहे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहावे, तोलापुरती दोन बोटे भिंतीला टेकवावीत, चांगला पाय उचलून धरावा आणि दुखावलेल्या पायाची टाच संथपणे वर उचलून खाली टेकवावी. पंचवीस वेळा हे जमले पाहिजे. चांगल्या पायाला जेवढे जमते त्याच्या निदान नव्वद टक्के तरी. मोजण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे आहे, म्हणून कोणाला तरी मागे बसवून टाचेकडे लक्ष ठेवायला सांगावे. आठव्या-दहाव्या वेळेला टाच बाहेर वळू लागली आणि भार करंगळीकडे झुकला, तर शरीर अंगठ्यावर येणारा भार चोरत आहे. अशा पावलाने धावू नये, कारण तो चोरलेला भार बाहेरच्या हाडावर पडतो आणि एक दुखापत बरी होता होता दुसरी तयार होते.

ही परीक्षा पार झाली की आधी सरळ रेषेत हळू धावणे, मग वेग, मग वळणे, मग उडी आणि सर्वात शेवटी झटापट, हा क्रम पाळावा. प्रत्येक पायरीनंतर चोवीस तास थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कालच्यापेक्षा जास्त दुखले किंवा सूज आली, तर एक पायरी मागे यावे. तारखेवरून पायरी ठरवू नये. निवड चाचणी अमुक दिवशी आहे, हे हाडाला ठाऊक नसते.

बूट विकत घेताना दोन्ही टोके धरून वाकवून पाहावा. तो बोटांच्या रेषेतच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल किंवा ओल्या कपड्यासारखा पिळता येत असेल, तर तो दुकानातच ठेवावा. काळ्या मातीच्या मैदानावर खेळणाऱ्यांनी उन्हाळ्यात पडलेल्या भेगा सरावापूर्वी फिरून पाहाव्यात, कारण भेगेत चवडा अडकला की अंगठा आणि मध्यभाग दोन्ही एकदम ताणले जातात.

मैदानावर परतल्यानंतर कडक तळपट्टी तो संपूर्ण हंगाम बुटात राहू द्यावी. पहिले दोन महिने प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही तळवे शेजारी धरून पाहावेत, त्या तीन जागा अंगठ्याने दाबाव्यात, आणि जुनी कळ त्याच ठिकाणी पुन्हा उठली तर पुढच्या सामन्याआधी एक्स-रे काढून घ्यावा.