युनिट्स लिहिताना आणि तपासताना या चुका टाळा

अंधेरी एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्यांमध्ये डेटाशीट किंवा टेस्ट रिपोर्ट बनवताना युनिटवरून वाद झाला की कोणीतरी गूगल करतं, पहिली मिळेल ती पीडीएफ उघडतं आणि "आयएसओमध्ये (म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या कागदांत) असंच आहे" म्हणून विषय संपवतं. पण मीटर, किलोग्रॅम, सेकंद वगैरे एसआय युनिट्स, म्हणजे जगभर चालणारी मापं, आयएसओ ठरवतच नाही! १८७५ च्या मीटर करारातून पॅरिसजवळ सेव्रला बीआयपीएम ही आंतरराष्ट्रीय वजन-मापांची संस्था उभी राहिली, निर्णय होतात सदस्य देशांच्या सीजीपीएम या परिषदेत, आणि ते सगळं एसआय ब्रोशरमध्ये छापलं जातं. आयएसओ ८०००० ही युनिट्सवरच्या मानकांची मालिका वेगळी आहे आणि विकत घ्यावी लागते, ब्रोशर मात्र बीआयपीएमच्या साइटवर फुकट मिळतं, मग कोणाच्यातरी क्लासच्या नोट्स कशाला वापरायच्या?

ब्रोशरची जुनी आवृत्ती वापरणं ही तर सर्रास दिसणारी चूक. २००६ ची आठवी आवृत्ती अजून कितीतरी कंप्युटरवर पडून आहे आणि तिच्यात किलोग्रॅम म्हणजे सेव्रच्या तिजोरीतला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. त्या ठोकळ्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये शंभरेक वर्षांत साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला, आणि नक्की कोण बदललं हे सांगायची सोयच नव्हती, कारण व्याख्येनुसार मूळ ठोकळा चुकूच शकत नव्हता. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या एका आकड्यावर, बांधला. आता नववी आवृत्ती चालू आहे, पण तिच्यातही भर पडत असते, २०२२ च्या परिषदेने रोन्ना, क्वेट्टा, रोंटो आणि क्वेक्टो हे किलो-मिलीसारखे युनिटच्या आधी लागणारे चार प्रिफिक्स मंजूर केले. त्यामुळे फाइलवर नुसतं "नववी" बघू नका, व्हर्जन नंबर आणि महिनाही बघा. आणि शब्दावरून खरंच अडलं तर फ्रेंच मजकूर अधिकृत धरला जातो, इंग्रजी नाही.

आता कॅपिटल-स्मॉलचं बघा, कारण खरं नुकसान इथे होतं. स्मॉल एम म्हणजे मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा, दोघांत एक अब्ज पटीचा फरक. केबलच्या इन्सुलेशन टेस्टमध्ये १०० मेगाओहम आले तर सहसा चांगलं रीडिंग, तेच स्मॉल एमने टाइप झालं तर १०० मिलिओहम, म्हणजे कागदावर सरळ शॉर्ट सर्किट. टेबलचं हेडिंग सजवायला ऑल कॅप्स केलं की हेच उलट्या बाजूने होतं, सेकंदाचा स्मॉल एस कॅपिटल होऊन सीमेन्स, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याचं युनिट, बनतो. युनिटचा कॉलम ऑल कॅप्समधून आधी वगळा. किलोचा के कायम स्मॉल, कॅपिटल के तापमानाच्या केल्विनचा, आणि केल्विनला डिग्री लावायची पद्धत १९६७ मध्येच बंद झाली. लिटरला मात्र स्मॉल आणि कॅपिटल एल दोन्ही चालतात, उगाच भांडू नका. आकडा आणि युनिट यात स्पेस द्या, शेवटी एस लावून अनेकवचन करू नका.

शेवटचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापाची उपकरणं तपासून घेण्याचं. सर्टिफिकेटवर "स्टँडर्डप्रमाणे तपासलं" एवढंच लिहिलं असेल तर लॅबला फोन करा आणि ट्रेसेबिलिटी मागा, म्हणजे त्यांचं मास्टर उपकरण कोणाकडून तपासलंय आणि ती साखळी दिल्लीच्या एनपीएल या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा दुसऱ्या देशाच्या तशाच राष्ट्रीय संस्थेपर्यंत पोचते का. रेडिएशनचं मीटर असेल तर तिथे आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसी या अणुसंशोधन केंद्राचं नाव दिसेल, ते बरोबर आहे, भारतात त्या मापनाची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे.