जुनी मर्सिडीज-बीएमडब्ल्यू बघायला निघण्याआधी

गाडी थंड असताना बघा. बाकी सगळं नंतर. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचलात की चहा घेण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी या. मर्सिडीजची जुनी सी-क्लास घेताना माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. गाडी गरम करून दाखवली गेली, आणि इंजिनातल्या टायमिंग चेनचं अख्खं काम माझ्या गळ्यात पडलं.

असं का होतं तेही समजून घ्या. टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे लांबलेली चेन स्टार्टर मारल्यावर पहिले काही सेकंदच खडखडते. दाब चढला की आवाज बंद. गरम इंजिनात तो बहुधा ऐकूच येत नाही. मर्सिडीज सी २०० चं एम२७१ पेट्रोल इंजिन आणि बीएमडब्ल्यू ३२०डी चं २०११ च्या आधीचं एन४७ डिझेल, दोघांचंही हे ठरलेलं दुखणं. एन४७ मध्ये तर चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे, म्हणजे काम निघालं की इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवणं आलंच. त्या दोन-चार सेकंदांत रेडिओ बंद, एसी बंद, काच खाली, आणि बोलणंही बंद.

आता पैसे. ४० लाखांची गाडी ८ लाखांत मिळते, पण तिचे पार्ट ४० लाखांच्या गाडीचेच राहतात. मर्सिडीज चाकणला तयार होते म्हणून सस्पेन्शन स्वस्त होत नाही. त्यामुळे हातात ८ असतील तर गाडी ६ ची बघा आणि उरलेले पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. हे जमत नसेल तर गाडी घेऊ नका, खरंच घेऊ नका. आणि कर्ज काढून तर मुळीच नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. ती इथे आणायची म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स तुम्ही मोजलेल्या पैशांवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाची घट धरून लागतो. एजंट हा आकडा शेवटी सांगतो, तुम्ही आधी विचारा.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन किती थकली आहेत, चासी नंबर जुळतो का, ही नेहमीची तपासणी. दुसरी चावी मागा. नवी करायची तर खिसा चांगलाच हलका होतो. सर्व्हिस रेकॉर्डची फाइल दाखवली तरी तेवढ्यावर भागवू नका, चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून खात्री करून घ्या. मीटर मागे घेणं सोपं आहे, पण या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद इतर मोड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांतही, राहते. त्या कंपनीचा स्कॅनर असलेला मेकॅनिक ती काढून देतो. साध्या स्कॅनरवर हे दिसत नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, कार्पेटची खालची बाजू, डिकीचा तळ बघा. या गाड्यांत वायरिंग आणि कंट्रोल युनिट खालीही असतात, आणि पाणी शिरलेल्या वायरिंगला अंत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर तेही थंडच बघायचं: रात्रभर उभी राहून एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे. गिअरबॉक्सचा झटकाही बऱ्याचदा पहिल्या किलोमीटरभरात कळतो. म्हणून पुन्हा सांगतो, सकाळी, थंड, तुमच्या समोर पहिला स्टार्ट. मालक म्हणाला, ‘आत्ताच पेट्रोल भरून आणली,’ तर छान म्हणा आणि निघा. दुपारची वेळ दिली तर नाही म्हणा. डीलरकडे असेल तरी हाच नियम, तिथे तर जास्तच.

घेतल्यावर नावावर करायला उशीर नको. मालकी बदलाच्या अर्ज २९ आणि ३० वर सह्या घ्या, बोजा असेल तर तो उतरवायचा अर्ज ३५ आणि बँकेचं पत्र. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागलेली आहे का बघा.

पुढचं थोडक्यात. इंजिन ऑइल १० हजार किलोमीटरच्या आत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं कुणी सांगेल, ऐकू नका, बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. पार्ट कंपनीच्या डब्यातलेच हवेत असं नाही, लेमफोर्डर, साक्स, बॉश हेच मूळ पुरवठादार. कुर्ल्याच्या बाजारातून काचा, दारं, दिवे आणा, ब्रेक आणि सस्पेन्शन नको. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली की ती स्कॅनरने रजिस्टर करून घ्या, म्हणजे बॅटरी नवी आहे हे गाडीला कळतं. पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर महाग, आणि ते असले की स्टेपनी बहुधा नसते. पावसाळ्याआधी सनरूफच्या पाणी निघायच्या नळ्या साफ करा.