बोंडूला विमानानं घरी आणताना

बेंगळुरूहून कुत्र्याचं पिल्लू विमानानं घरी आणलं, तर शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गोंयांत सुणीं उणीं पडलीं काय, बाई?" म्हणजे गोव्यात कुत्री कमी पडली काय. प्रश्न रास्त होता. आमच्या डिचोलीत बाजाराच्या मागे चक्कर मारली तर दर पावसाळ्यानंतर पिल्लंच पिल्लं दिसतात. म्हणून आधी हेच सांगते: नुसतं पिल्लू हवं असेल तर विमानाच्या भानगडीत पडू नका, गावातलंच उचला. माझा इलाज नव्हता. लेक बेंगळुरूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मी दोन महिने तिच्याकडे गेले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली हा सापडला. पिवळट तांबूस, पिकलेल्या काजूच्या फळासारखा, म्हणून बोंडू. मालकाची अट होती की घरात जनावर नको. मग माझ्याच अंगणात.

लांब पल्ल्याचे बहुतेक बसवाले कुत्र्याला घेत नाहीत. रेल्वेत न्यायचं तर फर्स्ट एसीची अख्खी कूपे, म्हणजे दोन जणांची बंद खोली, आपल्या नावावर हवी, नाहीतर पिल्लू गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात एकटं. तीन महिन्यांच्या पोराला रात्रभर त्या खडखडाटात ठेवायला मन होईना. विमान सव्वा तासाचं. तिकिटाचा जीव घाबरवणारा आकडा सोडला तर पिल्लाच्या दृष्टीनं हाच सगळ्यांत कमी त्रासाचा रस्ता.

सगळी विमानं कुत्र्यांना घेत नाहीत. इंडिगोत फक्त सेवा देणारे प्रशिक्षित कुत्रे चालतात. एअर इंडिया पाळीव प्राणी नेते, अकासानं नोव्हेंबर २०२२ पासून ते सुरू केलं. एका फेरीत केबिनमध्ये किती जनावरं घ्यायची याला मर्यादा असते, म्हणून आपलं तिकीट काढण्याआधी फोन करा आणि पिल्लाची जागा पक्की झाल्याचा मेल आल्याशिवाय हुश्श म्हणू नका. वजनाचे नियम मधूनमधून बदलतात. ते कंपनीच्याच साइटवर वाचा, भाचीच्या मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेले नकोत. आणि आपल्याकडे विमानतळ दोन आहेत हे विसरू नका. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. एरवी चुकलं तर टॅक्सीचे पैसे जातात. पिल्लू बरोबर असेल तर पिशवीतले दोन तास वाढतात, ते जास्त महाग.

आता खरा पेच. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, आणि विमानवाले त्या लसीचा दाखला मागतात. म्हणजे थांबायला हवं. पण पिल्लू थांबत नाही, ते वाढतं. केबिनची मर्यादा पिल्लू अधिक पिशवी अशी मोजतात, आणि गावठी पिल्लू तीन महिन्यांत बघता बघता पाच-सहा किलोचं होतं. बोंडू सापडला तेव्हा डॉक्टरांनी दात बघून सहा आठवड्यांचा ठरवला होता. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्याला त्याला पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरची इंजेक्शनं दिली, बाराव्याला सोबत रेबीज, आणि चौदाव्या आठवड्याचं तिकीट काढलं. दर रविवारी मी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची, मग एकटी, आणि लेक वजाबाकी करायची. शेवटच्या रविवारी मर्यादेला आठशे ग्रॅम शिल्लक होते. माझं वजन किती वाढलं ते लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, ते इथं सांगण्याची गरज नाही.

पिल्लू मोठ्या जातीचं असेल तर ते केबिनमध्ये मावणार नाही, सामानाच्या कप्प्यात टणक पिंजऱ्यातून जाईल. पग, बुलडॉग, शिहत्झू अशा चपट्या नाकाच्या पिल्लांना तिथं अजिबात पाठवू नका. त्यांना बसल्या जागीसुद्धा श्वास पुरत नाही, उन्हात तापलेल्या धावपट्टीवर तर विचारूच नका. आणि फोटो बघून पैसे भरा, पिल्लू विमानानं एकटं येईल, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. एवढे दोन प्रश्न विचारले की निम्मे विक्रेते गप्प होतात.

पिशवी हे सगळ्यांत मोठं काम. लोक ती आदल्या दिवशी आणतात आणि मग पिल्लू विमानभर रडतं म्हणून पिल्लालाच बोल लावतात. कापडी, मऊ, तीन बाजूंना जाळी, खालचा तळ पाणी न झिरपणारा, आणि समोरच्या सीटखाली सरकेल एवढीच उंच हवी. आम्ही ती तीन आठवडे आधी आणली आणि चेन उघडी टाकून बैठकीच्या खोलीत ठेवून दिली. तिच्यात लेकीची न धुतलेली ओढणी अंथरली. पहिले चार दिवस त्याचं जेवण पिशवीच्या तोंडाशी, मग आत, मग अगदी तळाशी. आठव्या दिवशी दुपारी तो स्वतःहून आत जाऊन झोपला. त्यानंतर चेन लावली, आधी दोन मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. त्यात एक नियम मी शाळेत तीस वर्षं पाळला होता तोच पाळला: रडतोय तोवर दार उघडायचं नाही, गप्प झाला की त्याच क्षणी उघडायचं. लेक दोनदा फितूर झाली. त्यानं ते बरोबर लक्षात ठेवलं आणि पुढचे तीन दिवस फक्त तिला बघून रडला. शेवटच्या आठवड्यात पिशवी उचलून जिना, लिफ्ट, रिक्षा.

कागदांत फार रमण्यासारखं नाही. लसीकरणाचं पुस्तक आणि प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, सही, पिल्लाचं वय, रंग, वजन हे सगळं हवं. दाखला किती दिवसांच्या आतला लागतो ते कंपनी सांगते. आम्ही दोन दिवस आधीचा घेतला. जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी 'इंडियन' लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर मुलांची जात लिहिताना एवढं सोपं कधी झालं नव्हतं. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा.

पोटाच्या बाबतीत मी चुकले. सराव म्हणून कॅबनं लांब फेरी मारायचं ठरवलं आणि निघण्याआधी तासभर त्याला वाटीभर दहीभात दिला. रिकाम्या पोटी कसं धाडायचं, ही आपली खोड. वीस मिनिटांत सगळा दहीभात माझ्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, निघण्याआधी चार तास हलकं जेवण, मग फक्त घोट घोट पाणी. अगदी लहान चणीच्या जातींना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांची साखर झपकन उतरते. त्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा. झोपेचं औषध देऊ का, असंही मी विचारलं, कारण इमारतीतल्या एका बाईंनी तसं सुचवलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, आणि विमानात हवा विरळ असते, सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी. गुंगीतल्या पिल्लाला त्रास झाला तरी ते सांगू शकत नाही.

त्या दिवशी पिशवीखेरीज माझ्या खांद्यावरच्या झोळीत काय होतं ते सांगते: शोषून घेणारे चार पॅड, जुनी वर्तमानपत्रं, ओला पंचा, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची छोटी वाटी, चघळायला गाठी मारलेला सुती कपड्याचा दोर, आणि माझ्यासाठी एक बदलायची साडी. साडी लागली नाही, पण ती होती म्हणून मी निवांत होते.

पिल्लू असलं की घरबसल्या चेक-इन होत नाही, काउंटरवरच जावं लागतं. वजन तिथं होतं, कागद तिथं बघतात, म्हणून अडीच तास आधी पोचा. सुरक्षा तपासणीला पिशवी यंत्रातून जाते, पिल्लू नाही. ते आपण कडेवर घेऊन चौकटीतून जायचं. पट्ट्याला धातूची कडी असेल तर आधीच काढून ठेवा, नाहीतर यंत्र बोंबलतं आणि पिल्लू उसळतं. सीआयएसएफच्या मुलीनं तपासणीचा दांडा फिरवला तर बोंडूनं तो चाटला. पिल्लाला दोन्ही हातांनी धरायचं, एक हात छातीखाली, एक मागे. इथं सुटलेलं पिल्लू पकडायला अख्खा विमानतळ धावेल. आणि कितीही वाटलं तरी त्याला जमिनीवर सोडू नका. लसी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांची पावलं पडलेली जागा धोक्याची. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. मी प्रसाधनगृहात वर्तमानपत्र पसरून वाट पाहिली. तो कागदाचा वास घेत बसला, बाकी काही नाही.

विमानात आम्हाला खिडकीची जागा मिळाली. पिशवी पायापाशी, समोरच्या सीटखाली, चेन बंद. विमान धावू लागलं तेव्हा तो कुंईकुंई करू लागला. मी जाळीला बोट लावून ठेवलं. चढताना आणि उतरताना कानात दडे बसतात. आपण गोळी चघळतो तसं त्याला काहीतरी चावायला हवं. दोर आधीच आत ठेवला होता, तो कुरतडत बसला आणि मधल्या वेळी चक्क झोपला. माझ्या शेजारच्या गृहस्थांना मोपा आल्यावर कळलं की पायाशी कुत्रा होता.

मोप्याला पुतण्या गाडी घेऊन आला होता. टॅक्सी करणार असाल तर बसण्याआधी चालकाला पिल्लाचं सांगा, नंतरच्या वादापेक्षा ते बरं. बोंडूला पिशवीतच ठेवलं. घरी आल्यावर पहिल्यांदा अंगणाचा एक कोपरा, तुळशीमागचा, दाखवला आणि तिथंच उभं राहिलो. तब्बल पाच तासांनी त्यानं मोकळं केलं. पुतण्यानं टाळ्या वाजवल्या.

अख्ख्या वाड्याला बघायला बोलावू नका. पहिले दोन दिवस घरातली माणसं पुरे. जेवण बेंगळुरूचंच, दहा दिवसांत हळूहळू बदललं. शीत-कोडीचा, म्हणजे आमच्या भात-कालवणाचा, वास आला की तो वेडा होतो, पण मासळीचे काटे, कांदा, लसूण, मनुका यातलं काही नाही. दिवसभर जुलाब, उलटी, मलूलपणा दिसला तर उद्या बघू म्हणू नका. गोव्याच्या पावसात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस आणि गोचिडीचं औषध हे दोन विषय इथल्या डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत काढा.

पहिली रात्र तो माझ्या खाटेखाली पिशवीतच झोपला. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा भुंकला. सोळाव्या आठवड्याच्या इंजेक्शनला त्याला त्याच पिशवीतून नेलं. चेन अर्धीच लागली, डोकं बाहेर काढून तो स्कूटरवर बसला.