काल्सोतादा करताय? कांदे काळे पडू द्या, आणि या चुका टाळा

काल्सोतादा ही स्पेनमधल्या कातालोनियातली, विशेषतः तारागोनाजवळच्या वाल्स गावची, हिवाळ्यात कांदे भाजून खाण्याची मेजवानी. त्यासाठीचे लांब पांढऱ्या दांड्याचे कांदे म्हणजे काल्सोत. ते नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मिळत असले तरी खरा बहर जानेवारी ते मार्च. वाल्सचा मोठा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भरतो. बार्सिलोनाला राहणाऱ्या कुणी घरी हा बेत केला आणि तो फसला, तर बहुतेकदा कारण एकच असतं: कांदे जळतील या भीतीने आच कमी ठेवलेली असते.

ते जळायलाच हवेत. वांग्याच्या भरतासारखंच, वरची साल कोळसा होते आणि आतला दांडा स्वतःच्याच रसात शिजतो. म्हणून तिकडे द्राक्षवेलींच्या छाटणीच्या वाळक्या काड्या पेटवून भडकत्या ज्वाळेवर जाळी ठेवतात. निखाऱ्यांची वाट पाहू नका, ते नंतरच्या मांसासाठी. मंद आचेवर कांदा आतून सुकतो आणि साल चिवट राहते. जाळीवर एकच थर लावा. पांढऱ्या भागातून रस बुडबुडत बाहेर येऊ लागला की उतरवा.

भाजण्याआधी कांदे धुऊ नका. मुळं छाटा, माती झटका. उरलेली माती जळक्या सालीबरोबर निघून जाते.

उतरवल्या उतरवल्या वाढणं ही दुसरी मोठी चूक. गरम जुड्या कागदात घट्ट गुंडाळून किमान पंधरा-वीस मिनिटं ठेवा, त्या वाफेनेच साल सुटते. तिथे वर्तमानपत्र वापरतात; माझ्या मते शाई कांद्याला लागू नये म्हणून आत कोरा कागद घालावा. मग मातीच्या कौलावर वाढा, कौल ऊब धरून ठेवतं.

साधा पातीचा कांदा चालेल का? चालेल, पण जाडसर निवडा आणि कमी वेळ भाजा. काल्सोत मुळात वेगळ्या रीतीने वाढवतात. उन्हाळ्यात काढलेला पांढरा कांदा पुन्हा लावतात, आणि त्याला फुटलेल्या कोंबांना वेळोवेळी मातीची भर देत जातात, म्हणजे दांडा लांब, पांढरा आणि गोडसर होतो. 'वाल्सचा काल्सोत' या भौगोलिक मानांकनात पांढरा भाग 15 ते 25 सेंटिमीटर लांब असावा लागतो.

सोबतच्या साल्विचादा सॉसमध्ये आपला हात तिखटाकडे जातो, तो आवरा. न्योरा ही वाळवलेली लाल मिरची तिखट नसतेच. ती भिजवून तिचा गर खरवडून घेतात. ती मिळाली नाही तर बिया काढलेली ब्याडगी, तीही थोडीच. भाजलेले बदाम, भाजलेला टोमॅटो आणि लसूण खलबत्त्यात जाडसर कुटा, मग ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत केलेला सॉस कांद्यावर टिकत नाही.

सोलायला सुरी नको. एका हाताने हिरवी पात धरा, दुसऱ्या हाताने खालचं जळकं टोक चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघाली नाही तर कांदा कच्चा आहे, परत ज्वाळेवर टाका. सॉसमध्ये बुडवून मान मागे करायची आणि फक्त पांढरा भाग खायचा. गळ्यात लाळेरं बांधायला लाजू नका, तिथे सगळेच बांधतात.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी पाहाव्यात. कांदे जाळीवर मांसाआधी भाजले जावेत. आणि नंतर येणारे पांढरे घेवड्याचे दाणे बुतिफारा सॉसेजच्या चरबीत परतलेले असू शकतात, तेव्हा आधीच विचारून घ्या.