एम्बेडेड सिस्टीम मला एका बटणाने शिकवली

शाळेत व्याख्या पाठ केली होती, ठराविक कामासाठी यंत्राच्या आत बसवलेला कॉम्प्युटर म्हणजे एम्बेडेड सिस्टीम. मार्कही मिळाले, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं.

मग आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड हातात आला. त्याच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी, मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा मावणार नाही. पण मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, रिमोट यांच्या आतही असेच छोटे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधले कॉम्प्युटर, असतात, आणि त्यांना पुरतं, कारण काम ठरलेलं असतं.

मी पहिला प्रोग्राम लिहिला तो साधाच, बटण दाबलं की एलईडी लागणार, परत दाबलं की बंद. कधी चालायचा, कधी नाही. वायर बदलून बघितल्या, कोड दहादा वाचला, शेवटी बटण किती वेळा दाबलं गेलं तो आकडा स्क्रीनवर छापला, तर मी एकदाच दाबतेय आणि आकडा कधी २ ने तर कधी ५ ने वाढतोय! झालं असं होतं की बटणातले धातूचे भाग एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, आपल्या बोटाला ते कळत नाही, पण या चिपचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं, तिला प्रत्येक थरथर म्हणजे नवीन दाबणं वाटतं. उपाय सोपा आहे, बदल दिसला की २० मिलिसेकंद थांबायचं, परत वाचायचं आणि अजून दाबलेलंच असेल तरच मोजायचं. याला डिबाउन्सिंग म्हणतात.

तेव्हापासून वॉशिंग मशीनकडे मी वेगळ्याच नजरेने बघते. पाण्याची पातळी, तापमान, दार लागलंय की नाही हे वाचा, ठरवा, मोटर किंवा व्हॉल्व्ह चालवा, परत वाचा. शाळेतले आपले प्रोग्राम उत्तर छापून संपतात, मशीनमधला हा प्रोग्राम संपतच नाही. आणि अडकला तर? त्यासाठी बऱ्याच चिपमध्ये वॉचडॉग टायमर असतो, प्रोग्रामने त्याला वेळेत हाक दिली नाही की तो चिप रीसेट करतो. मला तर ही कल्पना फारच आवडते.

तुम्ही घरातली एक वस्तू घ्या आणि ती काय वाचते, काय हलवते एवढंच कागदावर लिहा, मग कोड. बोर्ड नसेल तर वोक्वी हा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, त्यातलं बटणसुद्धा खऱ्यासारखंच थरथरतं.