घोट्याला टेप: बाजूने घट्ट, पुढे-मागे मोकळी

टेप लावली की पळताना दम वाचतो, ही समजूत आधी सोडा. पावलाला उसळी देते ती टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन). पाऊल टेकताना ती ताणते आणि उचलताना तीच ताकद परत देते. तिलाच जखडलं तर पोटरी जास्त राबते. टेपचं वजन किरकोळ आहे: प्रत्येक बुटाचं वजन 100 ग्रॅमने वाढलं तर साधारण 1 टक्का ऊर्जा जास्त लागते, आणि टेप त्याहून कितीतरी हलकी. टेप हवी ती आधी घोटा मुरगळलेल्यांना, तळवा पुन्हा आत वळू नये म्हणून. ताजी सूज असेल तर टेप लावून पळूच नका.

38 मिमीची झिंक ऑक्साइड टेप घ्या. पायाला तेल-क्रीम नको, केस काढलेले बरे. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा आणि शेवटपर्यंत तसंच धरा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पंजा खाली सैल सोडून टेप लावली, तर सातारा हिल मॅरेथॉनमधल्या यवतेश्वर घाटाच्या चढाला पाऊल वर यायलाच मागत नाही.

घोट्याच्या हाडाच्या 8-10 सेंमी वर एक वेढा, न ओढता. पोटरी पळताना फुगते. मग आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेर वर ओढत तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या निम्म्या रुंदीवर. ताण फक्त वर चढवताना द्यायचा. पुढे टाचेचं कुलूप: पावलाच्या वरून निघून आतल्या घोट्यावरून मागे, टाचेच्या हाडावरून बाहेर खाली, तळव्याखालून आत आणि परत वर. दुसरं याच्या उलट. टाचेमागे पट्टी हाडावरच बसवा. शिरेवर चढली तर काचते आणि उसळीही जाते. सुरकुती राहिली की तिथे फोड ठरलेला.

शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, तर उलगडून पुन्हा लावा.

टेप पळायला लागल्यावर अर्ध्या तासात बरीच सैल पडते, घामाने नि पावसाने आणखी. म्हणून ती शर्यतीच्या पहाटे घरी नको, सुरुवातीच्या जागी लावा. तरी घाट उतरताना, पाय थकलेले असताना, तिचा आधार फार उरत नाही. डांबराच्या कडेवरून पळू नका. तयारीच्या महिन्यांत रोज एका पायावर 30 सेकंद तोल सांभाळायचा सराव, टेपशिवाय.