करंट घसरला की आधी सेलमध्ये डोकवा

प्रकाश आणि विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन मिळवायच्या प्रयोगांबद्दल, म्हणजे फुजिशिमा-होंडांचा १९७२ चा टायटॅनियम डायऑक्साइड, पाणी फोडायला लागणारे १.२३ व्होल्ट, हे तुम्ही वाचलेलंच असणार. मी बोलणार आहे ते फक्त बुडबुड्यांबद्दल. माझे ५ महिने त्यांनी खाल्ले.

माझा फोटोॲनोड (प्रकाश शोषून पाण्यातून ऑक्सिजन काढणारा इलेक्ट्रोड) म्हणजे काचेवर बिस्मथ व्हॅनाडेटची पातळ फिल्म. दिवा लावला की फोटोकरंट, म्हणजे प्रकाशामुळे वाहणारा करंट, मस्त चढायचा आणि अर्ध्या तासात उतरणीला लागायचा. फिल्म विरघळतेय, असं मी ठरवूनच टाकलं. (बिस्मथ व्हॅनाडेट विरघळतो हे खरंच आहे, म्हणून तर फसले.) नवी फिल्म, नवा उत्प्रेरक, परत नवी फिल्म. एकदा सेलला चुकून कोपर लागलं आणि करंट टुणकन जवळजवळ मूळ जागी! कोपराच्या धक्क्याने फिल्म दुरुस्त होत नसते. तेव्हा कुठे वाकून पाहिलं. उभ्या इलेक्ट्रोडवरून वर सरकणारा ऑक्सिजन, इलेक्ट्रोडच्या कडा बंद करायला लावलेल्या एपॉक्सी गोंदाच्या वरच्या कडेखाली साचत होता.

हे नीट समजून घ्या. बुडबुडा जिथे चिकटतो तिथली जागा कोरडी पडते, तिथे विक्रिया बंद. आजूबाजूला आयनांची वाट अरुंद होते, रोध वाढतो. शिवाय प्रकाश: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, वायूचा जवळपास १, त्यामुळे बुडबुड्याच्या कडेवर साधारण ४९ अंशांपेक्षा तिरपा पडलेला किरण आत शिरतच नाही, परावर्तित होतो. म्हणून एकदा काचेच्या बाजूने, मागून प्रकाश टाकून पाहा. तिथे बुडबुडा प्रकाशाच्या वाटेत येत नाही.

आलेखातही खूण असते. बुडबुडा वाढताना करंट हळूहळू पडतो, सुटला की झटक्यात वर येतो. करवतीचे दातच. खराब झालेली फिल्म अशी आपोआप सावरत नाही. आणि हे दात स्मूदिंग करून घासून टाकू नका! मला हा शॉर्टकट प्रेमाने शिकवला गेला होता. आलेख पाहून निदान करणारे मार्गदर्शक पुष्कळ. सेलपाशी येऊन वाकणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरा शॉर्टकट सोडियम सल्फाइटचा. ते घातलं, करंट स्थिर झाला, म्हणजे दोष बुडबुड्यांचाच? थांबा. ऑक्सिजन बनत नाही हे बरोबर, पण प्रकाशाने फिल्ममध्ये तयार होणारे धन प्रभार, म्हणजे होल्स, सल्फाइट पटकन उचलतं, म्हणून फिल्मची झीजही कमी होते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात. साबणासारखं सरफॅक्टंट घातलं तर बुडबुडे लहान असतानाच सुटतात, पण तेच ॲनोडवर ऑक्सिडाइझ झालं तर तुम्ही मोजताय तो करंट पाण्याचा नाहीच.

इतकं ऐकून धास्तावू नका. सुटणारा बुडबुडा जाता जाता ताजं द्रावण पृष्ठभागाकडे ओढतो, तेवढा त्याचा उपकारही आहे. सेलशेजारी मोबाइलचा कॅमेरा लावा आणि त्याची वेळ पोटेन्शिओस्टॅटशी (व्होल्टेज धरून करंट मोजणाऱ्या यंत्राशी) जुळवून घ्या. सर्किट उघडं असतानाही, म्हणजे करंट वाहत नसतानाही, फिल्मवर बुडबुडे दिसले तर दचकू नका. दिव्याने पाणी तापलं की आधीच विरघळलेला वायू बाहेर पडतो.